पाव्हण्यापासून लेकापर्यंत

मुंबईला जाऊन आलो. तेव्हापासून रोज दहा जण अडवतात आणि राणीच्या बागेत वाघ होता का म्हणून विचारतात. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला, आणि घसा म्हणजे माझं सगळं भांडवल. म्हणून गुरुजी म्हणाले तसं वाचनालयाच्या हस्तलिखितात एकदाच लिहून टाकतो. ज्यानं त्यानं येऊन वाचा, पानं दुमडू नका. वाघ होता. झोपला होता. आता पुढचं.

निघण्याआधी

माझ्या पिशवीत दोन सदरे, एक पंचा आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुडकी होती. शिवाय सात निरोप होते, ते गळ्यात. मुंबईत घोडपदेवला आपल्या गावच्या पोरांची खोली आहे. गावाकडून कुणीही गेलं की तिथं आधी निरोप सांगायचे, मग चहा मिळतो, हा त्या खोलीचा कायदा. मी नकला करतो हे गावाला ठाऊक, म्हणून आयाबायांनी घरी बोलावून बजावलं, "नुसतं सांगू नगंस सदा. माझ्यागत सांग."

सातवा निरोप म्हादूतात्यांचा. तात्या म्हणजे आपल्या हायस्कुलाचे शिपाई. खांद्यावर टॉवेल, बोलण्याआधी खोकला, आणि पाचवीच्या पोरालासुद्धा "या सरकार, उशीर झाला?" म्हणणारे. त्यांचा मुलगा रघू आणि मी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसलो. मी त्याला लेका म्हणायचो, तो मला लेका म्हणायचा. मास्तरांना वाटायचं दोघांचं नावच ते.

मग ते गॅदरिंग झालं. मी स्टेजवर तात्यांची नक्कल केली. खोकला केला, घंटा केली, इथपर्यंत ठीक होतं. पण टाळ्या पडायला लागल्या आणि मला चढली. साहेबांसमोर तात्या टोपी काढून कसे वाकतात, "जी साहेब, चुकलं साहेब" कसं म्हणतात, तेही केलं. मांडव हसून कोसळायचा राहिला. मधल्या रांगेतून रघू उठला आणि निघून गेला. परीक्षा झाल्यावर मुंबईला गेला तेही मला न सांगता. दोन वर्षं झाली, पत्र नाही.

त्यामुळे तात्यांनी घंटेखाली मला गाठलं तेव्हा मी म्हटलं, "सांगा तात्या, कागदावर लिहून घेतो."

"नगं सरकार. कागद मास्तर बी लिवून देत्यात, पर त्यातनं बोलतंय मास्तरच. तू माझ्यागत बोलतोस. तूच सांग."

"तात्या, त्याच नकलेवरनं तर रघ्या..."

"म्हाईत हाय. म्हणून तर तू."

तीन दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी माझी तालीम घेतली. कुठं थांबायचं, कुठं टॉवेल सारखा करायचा, सगळं. आणि शेवटी म्हणाले, "खोकला उलीसा कमी कर. पोराला घोर लागंल." इतक्या मेहनतीनं कमावलेला खोकला होता तो माझा! पण मालकच कमी कर म्हणतोय म्हटल्यावर केला कमी.

सगळ्यांना मी सांगितलं, मुंबईला संयुक्त महाराष्ट्राची सभा बघायला चाललोय. ते खोटं नव्हतं. पण येताजाता घोकत होतो तो सातवा निरोप.

दादर

गाडीतलं काही सांगत नाही. बसलो, अवघडलो, उतरलो.

दादरला बाहेर आलो आणि कोट घातलेल्या एका गृहस्थांना आपल्याकडच्यासारखं विचारलं, "मर्दा, घोडपदेवला कुठनं जायचं?" गृहस्थांनी मागं वळून बघितलं, मर्द कोण आलाय म्हणून. मग मला म्हणाले, "अहो मिस्टर, जरा नीट विचारा." नीट विचारलं. बसमध्ये चढलो तर कंडक्टर ओरडला, "ओ पैलवान, पुढं सरका!" माझ्या बरगड्या सदऱ्यावरून मोजता येतात, तरी मी छाती काढून पुढं सरकलो. एका कोळणीची टोपली पायाला लागली तर ती म्हणाली, "रे पोरा, डोळे गावाला ठेवून आलास काय?" शेजारचा म्हणाला, "ए भाय, खिडकी खोल."

एका तासात मी मिस्टर, पैलवान, पोरा आणि भाय झालो. आपल्या गावात माणसाला एकच नाव जन्मभर पुरतं. इथं ते दर वळणावर बदलतं. मी खिशातून वही काढली आणि हाका उतरवायला लागलो. कोळणीची हाक लिहिताना उतरायचा थांबा चुकला आणि मी थेट भायखळ्याला पोचलो. मागं चालत आलो.

घोडपदेव

खोली आपल्या शाळेतल्या नकाशांच्या खोलीएवढी, आणि माणसं चौदा. अर्धी कामावर असतात तेव्हा अर्धी झोपतात, म्हणून मावतात. खोलीचे म्होरके दौलूमामा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतात. त्यांनी मला ट्रंकेवर बसवलं. सगळे गोल करून बसले.

"हं, सोड."

मी सोडलं. आधी दौलूमामांच्या बायकोचा. पदर दातात धरल्यासारखं तोंड केलं आणि म्हटलं, "अवं, म्हशीला रेडा झालाय. निस्ता खातोय आन् झोपतोय. तुमचंच नाव ठिवलंय." खोली गदगदा हलली. दौलूमामा हसता हसता डोळे पुसत म्हणाले, "तीच! तीच की रं! परत म्हण." तीनदा म्हणायला लावलं. मग कुणाची आई, कुणाचा थोरला भाऊ, कुणाची तीन वर्षांची पोरगी. त्या पोरीच्या आवाजात "बाबा, बावली आना" म्हटलं तर तिचा बाप उठून उगीच पाण्याच्या पिंपाकडं गेला. सहा झाले.

"आता रघूचा," दौलूमामा म्हणाले.

रघू दारात खोक्यावर बसला होता. गोदीत बोटींचा गंज खरवडायचं काम करतो, त्याच्या नखांत तांबडा चुरा होता, तो काडीनं काढत होता. मी आलो तेव्हा त्यानं पिशवी घेतली होती, पाणी दिलं होतं, सगळं रीतसर. आता मान वर करून बघत होता.

माझ्या गळ्यात तात्या तयार होते. टॉवेल खांद्यावर घ्यायचा तेवढा राहिला होता. टॉवेलऐवजी मी पिशवीतलं पुडकं काढलं.

"तात्यांनी चटणी दिलीय," मी म्हटलं.

"बरं झालं. दमला असाल पाव्हणे, चहा घ्या."

पाव्हणे! आणि घ्या! त्याच्यापेक्षा कोळणीनं टोपली डोक्यात घातली असती तरी चाललं असतं.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी दौलूमामांनी हुकूम केला की रघूनं पाव्हण्याला गिरगाव दाखवावं. रघूनं दाखवलं. माझ्या तीन पावलं पुढं चालत, हात करून. "हे पाव्हणे गिरगाव. ह्या वाड्या." बस, एवढंच.

पण गिरगाव काय गंमत आहे राव! लाकडी जिने, लांबच लांब गॅलऱ्या, आणि भिंतीभिंतीवर मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. कोपऱ्यावरच्या दुकानात पीयूष प्यायलो. श्रीखंडाला कुणी पळायला लावलं तर जे होईल ते पीयूष. दुकानात दोन म्हातारे एकमेकांना "अहो-जाहो" करत अदबीनं बोलत होते. पाच मिनिटांनी पत्ते काढले आणि "टाक की रे गाढवा" सुरू. मी वहीत लिहिलं, गिरगावात माणूस पत्ते पिसल्यावर गाढव होतो, आणि तेव्हाच तो खरा मित्र असतो.

मग मला राहवलं नाही. एका वाडीत शिरलो, जिन्याचा आवाज कसा घुमतो बघावा म्हणून आपल्या बाजारातल्या कल्हईवाल्याची आरोळी ठोकली, "कल्हऽऽईऽ लावायचीऽऽ का भांड्यान्लाऽऽ!"

मिनिटात पाच बायका पातेली घेऊन खाली. एकीच्या हातात हंडा.

"कुठंय रे कल्हईवाला?"

"आत्ताच... तिकडं गेला," मी म्हटलं.

"खोटं बोलतो मेला, ह्यानंच ओरडलंय!" वरून एका चिमुरडीनं साक्ष दिली.

मी पळालो. हंडा मागं, मी पुढं. रस्त्यावर रघू उभा होता. त्याच्या ओठाचं टोक हललं, मी स्वतः बघितलं. पण तो लगेच भिंतीकडं वळला आणि 'झालाच पाहिजे' एक एक अक्षर लावून वाचायला लागला, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतोय.

मिंगेलबाबांचं जेवण

गोदीच्या मागच्या गल्लीत मिंगेलबाब नावाचे एक गोवेकर जेवण घालतात. पूर्वी बोटीवर आचारी होते. कोपऱ्यात येशूची तसबीर, चार बाकडी, आणि बांगड्याची आमटी अशी की पाव संपल्यावर ताटली चाटावी वाटते. रघू दुपारी तिथं जेवतो. मला न्यावं लागलं, कारण मी पाव्हणा.

तिथं एक गोरा बसला होता. लालबुंद, केसाळ, हातावर नांगर गोंदलेला. रघू ज्या बोटीचा गंज काढत होता तिच्यावरचा खलाशी. नाव पाको, देश स्पेन, गाव कादिझ. रघू दिसताच त्यानं पाठीत असा गुद्दा घातला की आमटी हलली.

"माचो!"

"म्हणजे काय?" मी विचारलं. मिंगेलबाबांना पोर्तुगीज येतं, त्यामुळं स्पॅनिश समजतं.

"माचो म्हणजे रे नर. मर्द. दोस्ताक तशी हाक मारतात."

मी उडालोच. "मग ते मर्दाच की! आमच्या गावचा मर्दा!" मी उठून पाकोला मिठी मारली. "मर्दा!"

"मार्दा!" पाको म्हणाला. "माचो!"

दादरला ज्या शब्दासाठी मला नीट विचारायला सांगितलं होतं, तो शब्द सात समुद्रांपलीकडं चालतो! मी वही काढली आणि म्हटलं, अजून सांग. पाको खूश. बोटं मोडत सांगायला लागला. ओम्ब्रे म्हणजे माणसा. तिओ म्हणजे काका, पण बरोबरीच्या मित्रालाही काकाच म्हणायचं. मी म्हटलं, इथं पोलिसाला मामा म्हणतात, तुमचं तरी बरं. किय्यो म्हणजे पोरा, बाळ्या. आणि कुन्याओ म्हणजे मेहुणा.

सगळी बाकडी हसली. गोदीत दिवसातनं शंभरदा साल्या म्हणत असतील सगळे.

"बघ," मिंगेलबाब म्हणाले, "दर्याच्या दोन्ही तडीक दोस्ताच्या भैणीचेर डोळो."

मागच्या बाकड्यावरच्या एका मालवणी गिऱ्हाइकानं आपली भर घातली, "आमी मेल्या म्हणतव." पाकोला कळेना, जिवंत मित्राला मेलेला का म्हणायचं? मालवण्यानं समजावलं, "मेल्या म्हटल्यार तो जास्ती जगता."

मग पाकोनं हातातला पाव खाली ठेवला. म्हणाला, पण आमच्या कादिझला ह्या सगळ्यांवर एक शब्द आहे. पिशा.

"अर्थ?"

मिंगेलबाबांनी तसबिरीकडं बघितलं. "जेवताना सांगूंक जायना." मी हट्ट धरला. त्यांनी कानात सांगितलं आणि माझे कान तापले. गुरुजी, अर्थ इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ती वस्तू प्रत्येक पुरुषाकडं असते आणि तिच्यासाठीच धोतराचा शोध लागला. आणि कादिझचे लोक जिवाभावाच्या मित्राला, भर रस्त्यात, आईसमोर, तीच हाक मारतात! मिंगेलबाब म्हणाले, आमच्याकडं पिशा म्हणजे वेड्या. तेवढा अर्थ तुम्हालाही चालेल.

"पण तो कुणालाही म्हणत नाहीत," पाको सांगत होता आणि मिंगेलबाब आमच्यापर्यंत आणत होते. "कादिझचाच पाहिजे, आणि खरा पाहिजे. बोटीवर माझ्या गावचा एकच होता. दोन वर्षांपूर्वी एका बंदरात उतरला, तिथंच लग्न करून राहिला. बरं झालं त्याचं. पण तेव्हापासून मला कुणी पिशा म्हटलेलं नाही. बोटीवर सगळे पाको सोडून फ्रान्सिस्को म्हणतात. कागदावर आहे ते."

दोन वर्षं. मी रघूकडं बघितलं. रघू बांगड्याचा काटा काढत होता, जणू त्या काट्यावर त्याचा पगार अवलंबून आहे.

पाकोनं मिशी पुसली आणि माझ्याकडं बोट केलं. "आणि रागू, ह्याला तू काय म्हणतोस? पाव्ने? ते काय असतं?"

"पाहुणो," मिंगेलबाबांनी सांगितलं. "घरा आयिल्लो मनीस."

पाकोनं चमचा खाली ठेवला. म्हणाला, आमच्याकडं दोस्तानं 'सेन्योर', म्हणजे श्रीमान, म्हटलं की माणूस घरी जाऊन विचार करतो, आपण काय केलं. मग मला विचारलं, "तू काय केलंस?"

मिंगेलबाबांनी ते मराठीत केलं, आणि गरजेपेक्षा मोठ्यानं केलं. सगळं हॉटेल माझ्याकडं बघायला लागलं.

"मिंगेलबाब," रघू म्हणाला, "पाव्हण्यांना कढी द्या."

सभा

सभेला अख्खी खोली गेली, आणि पाको आमच्या मागं लागून आला. परळकडनं येणारा लोंढा, लालबागचा लोंढा, कडेवर पोर घेतलेल्या बाया, गिरणीतून थेट आलेले, केसांत कापूस तसाच. आपल्या आठवडी बाजारासारखे पंचवीस बाजार एकाला एक जोडले तर तेवढी माणसं. आणि घोषणा! एकाच वेळी एवढ्या छात्यांतून आवाज निघतो तेव्हा तो कानाला लागत नाही, पायाखालून वर येतो. नकलाकार म्हणून सांगतो, त्या आवाजाची नक्कल होत नाही.

पाकोनं विचारलं, काय मागताय? मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत सांगितलं, आम्ही सगळे एकच भाषा बोलतो, आमचं राज्य एक करा आणि हे शहर त्यात असू द्या. पाकोनं मान हलवली. म्हणाला, हे समजायला सोपं आहे. आणि पुढच्या घोषणेला हात वर करून गरजला, "जालाच पायजे, ओम्ब्रे!"

लोक वळले. एकानं दौलूमामांना विचारलं, "हा साहेब कोण?"

"आमच्याच गावचा हाय," मामा म्हणाले. "समुद्राच्या उन्हानं विटलाय जरा."

परतताना मी वक्त्यांच्या तऱ्हा करून दाखवल्या. एक, जो माइकला खाऊ बघतो. दुसरा, जो दर वाक्याला पाणी पितो आणि पाण्यातच शेवटचा शब्द बुडवतो. तिसरा, ज्याला दोनच मिनिटं बोलायचं असतं आणि ती दोन मिनिटं संपतच नाहीत. खोलीवाले रस्त्यात बसकण मारून हसत होते. आणि मला मागून एक हसू ऐकू आलं, नाकातून सुरू होऊन घशात फुटणारं. ते मी पहिलीपासून ओळखतो. वळलो तर रघूनं तोंड मिटलं.

"बरं करता पाव्हणे," तो म्हणाला.

रविवार

रविवारी संध्याकाळी पाकोची बोट सुटणार होती, म्हणून दुपारी सगळे मिंगेलबाबांकडं जमलो. दुसऱ्या दिवशी माझी गाडी. सातवा निरोप तसाच गळ्यात. रात्रभर विचार करून ठरवलं होतं की तात्यांना जाऊन सांगावं, रघू भेटला नाही. मुंबई मोठी आहे, खपून जाईल.

पाकोनं येऊन आपली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. मिंगेलबाब म्हणाले, "तो म्हणता, आज तू उलय, बोल. तो साक्षीक बसता."

सगळ्यांचं जेवण होत आलं होतं. मी उठलो. हात धुतले. मिंगेलबाबांचा टॉवेल घेऊन खांद्यावर टाकला. रघूच्या समोर उभा राहिलो.

"रघू, तात्यांनी निरोप दिलाय. त्यांच्याच आवाजात सांग म्हणालेत. पहिल्या दिवशी मी भ्यालो. तुला नको असेल तर उठून जा, मागच्यासारखा. माझं काही म्हणणं नाही."

रघू उठला नाही. बसूनही राहिला नाही नीट. बाकड्याची कड धरून होता.

मी टॉवेल सारखा केला. छोटासा खोकलो. आणि सुरू झालो.

"रघूसायेब. मी बरा हाय. घंटा येळेवर पडती. तू पाठीवतोस ते पैसं पोचत्यात, पर तुझा आवाज न्हाई पोचत. गॅदरिंगच्या दिवशी तू उठून गेलास. मी पडद्याच्या मागं हुतो. मी हासलो, ते तू बघितलं न्हाईस. लोकं हासली म्हणून न्हाई हासलो. मी इतकी वरसं त्या शाळंत वाकलो, कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. आन् ह्या पोरानं सगळं बघून ठिवलं हुतं, टोपी कशी धरतो, दोरी कुठल्या बोटांनी वढतो. लाज वाटली का? वाटली, उलीशी. पर कुणीतरी आपल्याकडं बघतंय म्हणून बरं बी वाटलं. तू माझ्यासाठी रागावलास, त्येनं तर लईच बरं वाटलं. आता दोन्ही झालं. आता सोड. त्याला शिव्या घाल सायेब, पर बोल."

संपलं. मी टॉवेल काढला आणि माझ्या स्वतःच्या आवाजात म्हटलं, जो मला नीट वापरताच येत नाही, "ते वाकणं मी करायला नको होतं, रघू. बाकीचं चाललं असतं. ते नको होतं."

पाकोला एक शब्द समजला नव्हता, पण त्यानं मिंगेलबाबांना हळूच विचारलं. मिंगेलबाब म्हणाले, "तो विचारता, हो जो आता उलयलो तो रागूचो बापूय न्हय?"

रघूनं खाली बघत दोनदा हो म्हणून मान हलवली. मग वर बघितलं. कपाळाला आठी.

"खोकला चुकला."

"काय?"

"खोकला चुकला तुझा, लेका. तात्यांचा असा नसतो. हा कुणीतरी तलाठी खोकल्यागत वाटतोय."

लेका! दौलूमामांनी बाकड्यावर थाप मारली. मी नाचणारच होतो. पण रघू माझ्याकडं बघतच होता, आणि मला कळलं की आता खोटं बोललो तर हा शब्द आत्ता आला तसा परत जाईल.

"त्यांनीच कमी करायला सांगितला," मी म्हटलं. "तुला घोर लागेल म्हणून."

"खरा कसाय?"

"रघ्या..."

"कर की."

मी केला. सुरुवात छातीच्या तळातून. मग वाकावं लागतं, एक हात भिंतीला. मग थांबला असं वाटतं आणि परत येतो. मिंगेलबाब मला पाण्याचा पेला द्यायला धावले आणि मध्येच थबकले, ही नक्कल आहे हे आठवून.

"कधीपासनं?"

"संक्रांतीपासनं वाढलाय."

रघूनं ताटली सरकवली. "उद्या किती वाजता गाडी तुझी?"

तुझी. मी वेळ सांगितली. "मी पण येतो," तो म्हणाला. "मुकादमाला सांगून ठेवतो. डॉक्टरला दाखवल्याशिवाय त्यांना घंटेला हात लावू द्यायचा नाही." मग माझ्या डोक्यावरची पाकोची टोपी कानापर्यंत खाली ओढली. "आणि तू लेका, मला दोन वर्षांत चार ओळी लिहायला काय हात मोडले होते?"

"तू लिहायचं होतंस!"

"नक्कल केली कुणी?"

"उठून गेलं कोण?"

पाको समाधानानं भिंतीला रेलला. भांडण कुठल्या भाषेत सुरू झालं की मिटलं म्हणायचं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

संध्याकाळी गोदीच्या फाटकावर त्याला सोडायला अख्खी खोली गेली. त्यानं सगळ्यांच्या पाठी बडवल्या आणि पिशवी खांद्यावर टाकून आत निघाला. रघूनं माझ्याकडं बघितलं, मी खोलीकडं बघितलं, आणि चौदा माणसांनी एका दमात आरोळी ठोकली,

"पिशाऽऽऽ!"

पाकोच्या हातून पिशवी पडली. तो वळला. तोंड लाल, डोळे लाल, दोन्ही हात वर, आणि तीच हाक त्यानं परत अशी मारली की क्रेनवरचे कावळे उडाले.

"काय ओरडताय रे?" फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं.

"देवाचं नाव हाय," दौलूमामा हात जोडून म्हणाले. "त्यांच्यातलं."

परत

गाडीतलं आताही सांगत नाही, पण येताना अवघडलो नाही. रघूनं सगळ्या वाटेत माझ्या वहीतल्या हाका माझ्यावरच वापरल्या.

शाळेत पोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. तात्या घंटेखाली स्टुलावर बसले होते. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्या मागं रघूला. उठले, टॉवेल सारखा केला, आणि अगदी बेतानं, तालमीत मला शिकवला होता तस्सा, एक छोटासा खोकला काढला.

"बरा हाय मी, सायेब."

"तात्या," रघू म्हणाला, "खोकला चुकला."

तात्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं. "तू फोडलंस व्हय, सरकार?" पुढं बोलणार तोच खरा आला, भिंतीला हात लावायला लावणारा. रघूनं एका हातानं त्यांची पाठ धरली. तात्या तसल्यातही मान वर करून, घंटेची वेळ झाली का म्हणून घड्याळाकडं बघत होते, म्हणून रघूनं दुसऱ्या हातानं दोरी घेतली, आणि दवाखाना उघडा सापडावा म्हणून तिथल्या तिथं घंटा दिली.

त्या दिवशी मधली सुट्टी सात मिनिटं आधी कशी संपली म्हणून ज्या पोरांनी तक्रार केली होती, त्यांना आता कारण कळलं असेल.